संचातली आजारी डिस्क कशी ओळखायची? (वर्गात घेता येईल अशा कृतीसह)



शाळेत, संस्थेच्या कार्यालयात आणि आता बऱ्याच घरांतही फोटो, व्हिडिओ, निकालपत्रकं, स्कॅन केलेले दाखले ठेवायला दोन किंवा चार हार्ड डिस्कांची एक पेटी दिसू लागली आहे. दुकानदार तिला 'नॅस' म्हणतो. (आपल्याला नॅस म्हटलं की राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आठवतं! पण हा नॅस वेगळा. हा नेटवर्कला जोडलेला साठवणीचा डबा.) डबा देताना दुकानदार एक वाक्य हमखास सांगतो, "सर, एक डिस्क गेली तरी तुमचं काही जात नाही."

वाक्य खरं आहे, पण अर्धंच. एक डिस्क गेली तरी काही जात नाही आणि म्हणूनच ती गेलेली कुणाला कळत नाही. फायली उघडत राहतात, फोटो दिसत राहतात. दुसरी डिस्क जाते तेव्हाच सगळ्यांना कळतं आणि तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून आज आपण हा विषय नीट समजून घेऊ. आधी संच कसा चालतो ते एका खेळातून पाहू, मग आजारी डिस्क कशी ओळखायची त्याकडे वळू.

कृती : चार मुलं आणि १-० ची कार्डं

इयत्ता चौथीपासून पुढे कुठल्याही वर्गात ही कृती होते. साहित्य म्हणजे जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याची कार्डं, एका बाजूला १, दुसऱ्या बाजूला ०. चार मुलं पुढे बोलवा. पहिल्या तिघांनी आपल्या मनाने १ किंवा ० दाखवायचा. चौथ्याला मात्र मनाचं काही नाही. त्याचं काम एकच, चौघांत मिळून १ ची संख्या सम झाली पाहिजे. तिघांनी १, ०, ० दाखवलं तर चौथा १ दाखवणार. तिघांनी १, ०, १ दाखवलं तर तो ० दाखवणार.

आता दुसऱ्या मुलाला वर्गाबाहेर पाठवा आणि उरलेल्यांना विचारा, त्याच्या हातात काय होतं? पहिल्या उदाहरणात उरले १, ०, १. म्हणजे १ दोनदा आलाय, संख्या सम आहे, तर बाहेर गेलेल्याकडे ० असणार. मुलं दोन-तीन फेऱ्यांत हे पकडतात आणि मग त्यांना फार मजा येते. बाहेर कोण गेलंय यावर काहीच अवलंबून नाही, कुणीही एक गेला तरी उत्तर निघतं.

हाच 'रेड' संच. (रेड म्हणजे लाल नव्हे, आणि आयकरवाल्यांची धाडही नव्हे.) अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या निबंधातून हे नाव रुजलं. त्यांचा विचार साधा होता. एक मोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्त लहान डिस्कांचा जथा वापरायचा. पण डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यातली एखादी बिघडण्याची शक्यताही जास्त. म्हणून थोडी जागा राखीव ठेवायची आणि तिथे हा सम-विषमाचा हिशेब लिहायचा. आपल्या खेळात हिशेबाचं कार्ड कायम चौथ्याकडे आहे. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या पाचव्या प्रकारच्या रेडमध्ये तो हिशेब सगळ्या डिस्कांवर आळीपाळीने वाटलेला असतो. बाकी तत्त्व तेच. चार टीबीच्या चार डिस्क घेतल्या तर वापरायला १२ टीबी मिळतात आणि चार टीबी या हिशेबाला जातात.

आता खेळाच्या पुढच्या दोन फेऱ्या घ्या. या दोन्ही महत्त्वाच्या आहेत.

एक, दोन मुलांना एकदम बाहेर पाठवा. उत्तर निघत नाही. कितीही हुशार मुलगा असला तरी नाही.

दोन, सगळ्यांना वर्गातच ठेवा, पण तुम्ही पाठ फिरवल्यावर कुणीतरी एकाने गुपचूप कार्ड उलटवायचं. तुम्ही वळून मोजता तर १ ची संख्या विषम. गडबड झाली हे लगेच कळतं, पण कुणी केली ते कळत नाही! चौघंही निष्पाप चेहऱ्याने उभे. या दुसऱ्या फेरीकडे आपण नंतर परत येणार आहोत, लक्षात ठेवा.

डिस्क 'जाते' म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या बोलण्यात डिस्क एकतर चालू असते किंवा बंद पडलेली असते. प्रत्यक्षात तिचं दुखणं चार तऱ्हांचं असतं.

सगळ्यात सोपी तऱ्हा म्हणजे ती साफ मरते. फिरत नाही, किंवा फिरते पण आतून 'टक... टक... टक' असा ठराविक आवाज येत राहतो (वाचणारं हेड जागा शोधतंय, सापडत नाहीये). अशी डिस्क ओळखायला कौशल्य लागत नाही. डब्यावरचा दिवा रंग बदलतो, भोंगा वाजतो.

दुसरी तऱ्हा, डिस्क चालू आहे पण तबकडीवरच्या काही जागा वाचता येत नाहीत. या जागांना सेक्टर म्हणतात. तिसरी, डिस्क वाचते पण फार वेळ लावते. घरगुती संगणकाच्या डिस्कची सवय अशी की एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते, कधी मिनिटभरसुद्धा. एकटी असेल तर हे चांगलंच. पण संचात बाकीच्या तिच्यासाठी खोळंबतात आणि कंट्रोलर वैतागून तिला मृत समजून बाहेर काढतो. म्हणून संचासाठी बनवलेल्या डिस्क साधारण सात सेकंदांत 'नाही जमत' असं सांगून मोकळ्या होतात, कारण बाकीच्यांकडून उत्तर काढता येतं हे गृहीत धरलेलं असतं. स्वस्त मिळतात म्हणून साध्या डिस्क नॅसमध्ये घालू नयेत, त्याचं एक कारण हे.

चौथी तऱ्हा सगळ्यात वाईट. डिस्क चुकीचं वाचते आणि बरोबर वाचलं असं सांगते. म्हणजे आपल्या खेळातलं गुपचूप कार्ड उलटवणारं मूल.

डिस्कची स्वतःची डायरी

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. आयबीएमने १९९२ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांच्या डिस्क संचात अशी सोय आणली, नंतर कॉम्पॅकने पुढाकार घेतला आणि १९९५ च्या सुमाराला त्यातून सगळ्या कंपन्यांसाठी 'स्मार्ट' नावाची पद्धत आकाराला आली. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर ही डायरी उघडून दाखवतं. नॅसच्या पेटीत ती डिस्कच्या माहितीत 'स्मार्ट' किंवा 'हेल्थ' या नावाखाली असते. लिनक्सवाल्यांकडे स्मार्टसीटीएल आहे.

डायरी उघडली की पहिल्यांदा गोंधळ होतो, कारण तिथे वीस-पंचवीस ओळी आणि प्रत्येक ओळीत तीन-चार आकडे असतात. इथे दोन गोष्टी समजल्या की निम्मं काम होतं. प्रत्येक ओळीत एक असतो गुणांकासारखा आकडा. तो बहुधा १०० किंवा २०० पासून सुरू होतो आणि तब्येत बिघडली की खाली येतो. दुसरा असतो कच्चा आकडा, म्हणजे प्रत्यक्ष मोजणी. गुण कंपनी देते, आणि कंपनी पेपर फार सढळ हाताने तपासते! नापास करायची मर्यादा इतकी खाली ठेवलेली असते की डिस्क शेवटच्या घटका मोजत असतानाही वर 'उत्तीर्ण' असा शेरा दिसू शकतो. म्हणून शेरा वाचून उठू नका. कच्चा आकडा बघा.

कुठल्या ओळींचा? माझ्या मते सामान्य माणसाने पाच ओळींपलीकडे जायची गरज नाही. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी लोकांच्या फायली साठवण्याचा धंदा करते आणि आपल्या हजारो डिस्कांची माहिती सगळ्यांसाठी खुली करते. त्यांनीही याच पाच ओळी निवडल्या आहेत.

क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर. डिस्कमध्ये काही जागा राखीव असते. एखादा सेक्टर खराब झाला की डिस्क त्याऐवजी राखीवमधला एक वापरायला घेते आणि इथे एक वाढवते. क्रमांक १९७ म्हणजे प्रतीक्षेतले सेक्टर. हे वाचता आले नाहीत, पण अजून बदललेले नाहीत. क्रमांक १९८ म्हणजे डिस्कने स्वतः तपासणी करताना न सुधारता आलेले सेक्टर. क्रमांक १८७ म्हणजे वाचता आलं नाही असं डिस्कने संगणकाला कबूल केलेले प्रसंग, आणि १८८ म्हणजे आज्ञा दिली पण वेळेत उत्तर आलं नाही असे प्रसंग. सगळ्याच कंपन्या या सगळ्या ओळी देत नाहीत. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हे क्रमांक षोडशमान पद्धतीत दिसतात, तिथे १९७ म्हणजे सी५, १९८ म्हणजे सी६. सातवी-आठवीच्या मुलांना १६ च्या पायाची संख्यापद्धत शिकवायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळणार नाही. सी म्हणजे १२. १२ गुणिले १६ अधिक ५ किती? १९७. झालं!

१९७ ची गंमत थोडी जास्त समजून घेण्यासारखी आहे. सेक्टर वाचता आला नाही तर एकटी डिस्क त्याचं काही करू शकत नाही, कारण तिथे काय होतं हेच तिला माहीत नाही. ती फक्त 'बाकी' म्हणून लिहून ठेवते. संचात मात्र कंट्रोलर उरलेल्या डिस्कांवरून तिथे काय होतं ते काढतो (आपला खेळ!) आणि त्याच जागी पुन्हा लिहायला सांगतो. लिहिताना जागा ठीक निघाली तर १९७ परत शून्यावर येतो. नाही निघाली तर राखीव सेक्टर वापरला जातो आणि ५ ची ओळ वाढते. म्हणजे संचात चूक आपोआप दुरुस्त होते, वापरणाऱ्याला काहीच कळत नाही आणि मागे उरतो फक्त डायरीतला एक आकडा. तो आकडा वाचणारं कुणी नसेल तर?

एक ओळ मुद्दाम वेगळी सांगतो, क्रमांक १९९ (सी७). ही वाढली तर दोष बहुधा डिस्कचा नसतो, केबलचा किंवा जोडणीच्या खाचेचा असतो. डिस्कने बरोबर पाठवलं, वाटेत बिघडलं. ही ओळ वाढलेली पाहून चांगली डिस्क फेकून देणारे लोक आहेत. आधी केबल बदला, आकडा लिहून ठेवा आणि पंधरा दिवसांनी बघा. हा आकडा शून्यावर कधीच येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. थांबला म्हणजे काम झालं. आणखी एक गोष्ट. सीगेटच्या डिस्कमध्ये क्रमांक १ आणि ७ समोर कोट्यवधीतले आकडे दिसतात. घाबरायचं कारण नाही, त्यांची लिहायची पद्धतच वेगळी आहे.

आकडे काय सांगतात, आणि काय सांगत नाहीत

फेब्रुवारी २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे एकाच परिषदेत दोन निबंध वाचले गेले. दोन्ही वाचण्यासारखे आहेत.

पहिला गुगलच्या तीन अभियंत्यांचा, पिन्हेरो, वेबर आणि बारोसो यांचा. त्यांनी गुगलमधल्या एक लाखाहून जास्त डिस्कांची नोंद तपासली. त्यांना असं आढळलं की तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट होते. म्हणजे या ओळीत शून्याचा एक झाला की लगेच जागं व्हायचं. 'फक्त एकच तर आहे' असं म्हणायचं नाही.

पण त्याच निबंधातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. मेलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांमध्ये चार मुख्य लक्षणांपैकी एकही दिसलं नव्हतं. तापमान सोडून बाकी सगळ्या ओळी धरल्या तरी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्क काहीही न सांगता गेल्या होत्या. बॅकब्लेझने २०१६ मध्ये वरच्या पाच ओळींचा हिशेब दिला, तोही असाच. मेलेल्या डिस्कांपैकी ७६.७ टक्के डिस्कांमध्ये निदान एका ओळीत शून्याहून मोठा आकडा होता, आणि चालू डिस्कांमध्ये असं प्रमाण ४.२ टक्के होतं. उलटं वाचा. जवळजवळ चारातली एक डिस्क कुठलीही तक्रार न करता गेली.

वर्गात पस्तीस-चाळीस मुलं सांभाळणाऱ्यांना हे नवीन नाही. रडणारं मूल दिसतं. न रडणारं बरं आहे असं मात्र धरता येत नाही. तसंच इथे. डायरीत चूक दिसली तर डिस्क आजारी आहे हे बऱ्यापैकी नक्की, पण डायरी कोरी आहे म्हणून डिस्क निरोगी आहे असं म्हणता येत नाही. हे दोन्ही एकदम डोक्यात ठेवावं लागतं.

दुसरा निबंध कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांचा. होय, १९८८ चेच गिब्सन. कंपन्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहितात, बिघाडापर्यंतचा सरासरी काळ १० लाख तास. मुलांना भागाकार करायला द्या, १० लाख तास म्हणजे जवळपास ११४ वर्षं! याचा अर्थ एक डिस्क ११४ वर्षं चालेल असा नाही. भरपूर डिस्क असतील तर वर्षाला साधारण ०.८८ टक्के बिघडतील, असा आहे. प्रत्यक्षात या दोघांना वर्षाला २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागल्याचं सर्रास दिसलं, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. गुगलच्या नोंदीतही पहिल्या वर्षातल्या डिस्कांचं प्रमाण १.७ टक्के, तर तीन वर्षांच्या डिस्कांचं ८.६ टक्क्यांहून जास्त होतं. म्हणून क्रमांक ९ ची ओळ, म्हणजे डिस्क किती तास चालू राहिली, तीही बघत जा. ३५ हजार तास म्हणजे चोवीस तास चालणारी चार वर्षांची डिस्क.

तापमानाबद्दलही एक समज दुरुस्त करू. 'डिस्क गार ठेवली की झालं' असं आपल्याकडे उन्हाळ्यात हमखास ऐकू येतं. गुगलच्या नोंदीत तापमान आणि बिघाडाचा संबंध अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला. फार गार डिस्कांमध्ये बिघाड उलट जास्त दिसले आणि उष्णतेचा त्रास मुख्यतः जुन्या डिस्कांना. अर्थात, नॅस बंद कपाटात कोंडून ठेवा असं मी म्हणत नाही. पण फक्त पंखा लावून निश्चिंत होऊ नका.

जिथे कुणी जात नाही तिथेही फेरी मारा

२०१६ च्या स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ तुम्ही शेवटचे कधी उघडले? ते ज्या सेक्टरांवर आहेत, तिथे डिस्कचं हेड कित्येक वर्षं गेलेलंच नाही. तिथे काही बिघडलं असेल तर डायरीत ते येणारच नाही, कारण वाचायचा प्रयत्नच झालेला नाही. या झाकलेल्या चुकांवर २००७ मध्येच आणखी एक अभ्यास झाला. नेटॲप कंपनीच्या १५.३ लाख डिस्कांची ३२ महिन्यांची नोंद तपासली, तर ३.४५ टक्के डिस्कांमध्ये अशा चुका निघाल्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक चुका कुणी फाईल उघडली म्हणून नव्हे, तर मुद्दाम घातलेल्या फेरीत सापडल्या.

या फेरीला स्क्रबिंग म्हणतात. संचातली प्रत्येक जागा वाचायची आणि सम-विषमाचा हिशेब जुळतो का बघायचा. बहुतेक नॅसमध्ये 'डेटा स्क्रबिंग' नावाची सोय असते, पण अनेकदा ती चालू केलेली नसते. महिन्यातून एकदा, शाळा बंद असेल त्या रात्रीची वेळ लावून द्या. डेबियन लिनक्समध्ये ही फेरी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप सुरू होते. सगळी घासाघीस झाली की पाच ओळींचे आकडे पुन्हा बघा. फेरीनंतर बघितलेला आकडा आणि एरवी बघितलेला आकडा यांत फरक आहे.

आता गुपचूप कार्ड उलटवणाऱ्या मुलाकडे येऊ. फेरीत हिशेब जुळला नाही तर साध्या रेडला एवढंच कळतं की गडबड आहे. कोणती डिस्क खोटं बोलते ते कळत नाही. यावर उपाय असा की प्रत्येक तुकड्याची वेगळी खूण दुसरीकडे लिहून ठेवायची. खेळात हे करून बघा. प्रत्येक मुलाने आपला आकडा चिठ्ठीवर लिहून शेजारच्याच्या खिशात ठेवायचा. आता कार्ड उलटवणारा लगेच सापडतो आणि त्याचं खरं कार्डही काढता येतं. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या पद्धती हेच करतात. झेडएफएसच्या तक्त्यात प्रत्येक डिस्कपुढे वाचन, लेखन आणि खूण न जुळणं असे तीन रकाने असतात. तिसऱ्या रकान्यात आकडा आला तर डिस्क, केबल किंवा संगणकाची मेमरी, यांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय. नवीन नॅस घेताना यातली एखादी पद्धत आहे का, हे दुकानदाराला जरूर विचारा.

एक गेली आहे, आता?

माझ्या माहितीतल्या एका संस्थेत चार डिस्कांच्या नॅसचा भोंगा वाजायला लागला. कार्यालयात त्रास होतो म्हणून कुणीतरी पेटीच्या मेनूतून तो बंद केला. भोंगा बंद झाला, काम सुरू राहिलं, सगळे विसरले. काही महिन्यांनी दुसरी डिस्क गेली आणि सात-आठ वर्षांचे फोटो गेले. भोंगा बंद करणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, पेटी तर चालूच होती ना! म्हणून भोंग्यावर आणि दिव्यावर विसंबू नका. पेटीत ईमेलची सोय असते. तिथे एकाच्या नव्हे, दोघांच्या पत्त्यावर सूचना लावा आणि चाचणीचा ईमेल पाठवून तो खरंच येतो का ते पाहा. लिनक्सच्या संचात स्थितीच्या ओळीत प्रत्येक हजर डिस्कसाठी 'यू' हे इंग्रजी अक्षर आणि गैरहजरासाठी आडवी रेघ दिसते. अगदी हजेरीपट. आडवी रेघ दिसली की त्याच दिवशी काम सुरू.

आजारी डिस्क बदलली की नव्या डिस्कवर जुनीचा मजकूर पुन्हा उभा करायचं काम सुरू होतं. संचाच्या आयुष्यातली सगळ्यात धोक्याची वेळ हीच. चार टीबीच्या चार डिस्कांत एक बदलली तर उरलेल्या तीन पूर्ण वाचाव्या लागतात, म्हणजे १२ टीबी. सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तर साडेसात तासांच्या आसपास, आणि सोबत कुणी फायली वापरत असेल तर त्याहून बराच जास्त वेळ. या काळात संचाला आधार नाही, आणखी एक मूल बाहेर गेलं की खेळ संपला. शिवाय साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की १ वर १४ शून्य इतके बिट वाचताना जास्तीत जास्त एक वाचनदोष येऊ शकतो. ८ ने भागलं की हे येतं १२.५ टीबी. आपल्याला वाचायचेत १२ टीबी! प्रत्यक्षात डिस्क या कागदी मर्यादेपेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, पण ज्या संचात कधी फेरीच मारलेली नाही, तिथल्या झाकलेल्या चुका नेमक्या याच रात्री बाहेर येतात. त्यातून चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आलेल्या असतील तर त्यांचं वयही एक आणि दुखणंही एक असू शकतं. घेताना दोन वेगळ्या वेळी किंवा दोन ठिकाणांहून घेतलेल्या बऱ्या.

म्हणूनच आकडा वाढताना दिसला तर डिस्क मरायची वाट न बघता, ती चालू असतानाच बदलावी. अनेक पेट्यांमध्ये रिकाम्या खाचेत नवी डिस्क घालून आजारी डिस्कचा मजकूर तिच्यावर उतरवून घेण्याची सोय असते. तसं केलं तर संच एक क्षणही अपुरा राहत नाही. मग किती आकड्याला बदलायची? माझा ठोकताळा असा. ५ किंवा १९८ मध्ये पहिला आकडा दिसला की तारीख घालून लिहून ठेवायचा आणि दर आठवड्याला बघायचा. महिनाभर तिथेच राहिला तर डिस्क राहू द्यावी, वाढत गेला तर नवी मागवावी. १८७ किंवा १९८ वाढते आहे आणि डिस्क चार वर्षांची आहे, तर मी वाट बघणार नाही. वाढीचा वेग आकड्यापेक्षा जास्त सांगतो. बाळाचं वजन एकदा करून काही कळत नाही, अंगणवाडीत त्याचा आलेख काढतात तो यासाठीच.

बदलताना कोणती डिस्क काढायची याची दोनदा खात्री करा. एक आजारी असताना चुकून चांगली ओढली तर पूर्ण संच जातो, आणि हे वाटतं तितकं दुर्मिळ नाही. 'तिसरी डिस्क' म्हणजे डावीकडून की उजवीकडून, मोजणी शून्यापासून की एकपासून? या वादात पडू नका. नॅस बसवतानाच प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक, निदान शेवटचे चार आकडे, खाचेच्या दांडीवर चिकटपट्टीने लावून ठेवा आणि पडद्यावरच्या अनुक्रमांकाशी जुळल्यावरच हात घाला.

एसएसडीबद्दल थोडक्यात. तिच्यात फिरणारं काही नसल्याने आवाज नाही. तिच्या डायरीत किती टक्के आयुष्य वापरलं ती ओळ बघायची. पण ती जाते तेव्हा बऱ्याचदा एकदम जाते.

आणि बॅकअप? रेड हा बॅकअप नाही. कुणी चुकून फोल्डर पुसलं तर चारही डिस्क मिळून ते अगदी इमानदारीने पुसतात. दहावीचे निकाल, दाखले, जनरल रजिस्टरची स्कॅन प्रत, यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर आणि ती डिस्क वेगळ्या इमारतीत हवीच. त्यावर स्वतंत्र लेख लिहायचा विचार आहे.

काढलेली मेलेली डिस्क भंगारात देऊ नका. त्यावरचा मजकूर जाणकार माणूस वाचू शकतो आणि त्यात मुलांची माहिती आहे. शिवाय विज्ञानाच्या तासाला ती फार उपयोगी पडते. चांदणीच्या आकाराच्या खाचेचा स्क्रूड्रायव्हर लागतो. आत आरशासारख्या चकचकीत तबकड्या, त्यावर फिरणारा हात आणि कोपऱ्यात दोन जबरदस्त ताकदीची चुंबकं मिळतात. चुंबकं मोठ्या माणसानेच काढावीत, बोट चिमटतं. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कच्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात, वाकवायला गेलं की तुकडे उडतात, तेव्हा त्या मुलांच्या हातात देऊ नका. मोठ्या डिस्कच्या बहुतेक ॲल्युमिनियमच्या असतात. त्यांवर आडवे-उभे ओरखडे काढून मगच वर्गात फिरवा.